प्राग ते व्हिएन्ना, उभ्याच्या तिकिटावर

आमच्या युरोप सहलीची सुरुवात भांडणाने झाली. पहिल्या यादीत अकरा शहरं होती. पॅरिस तिघींना हवं होतं, आमच्यातल्या डॉक्टरला ॲम्स्टरडॅम हवं होतं आणि मी फ्लॉरेन्स सोडायला तयार नव्हते. कोल्हापूरच्या बाईला फ्लॉरेन्स कशाला, ते सांगते. आमचे राजाराम महाराज १८७० साली विलायतेहून परतताना तिथेच वारले. वय अवघं वीस. आर्नो नदीच्या काठी त्यांना अग्नी दिला आणि पुढे तिथल्याच बागेत त्यांची छत्री उभी राहिली. ती बघायची इच्छा कॉलेजात असल्यापासूनची.

आम्ही चौघी एकाच कॉलेजच्या, आता चाळिशीच्या आसपासच्या. एक बँकेत आहे, तीच आमची हिशेबनीस. एक डॉक्टर. एक बारकी, तिचं पोळी-भाजी केंद्र आहे. आणि मी शाळेत शिकवते. दोन वर्षं चौघींनी दर महिन्याला साडेसहा हजारांची आरडी भरली. हातात आले माणशी एक लाख पासष्ट हजारांच्या आसपास. सगळं यातच बसवायचं, घरून वर एक रुपया मागायचा नाही, हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं.

एका रविवारी हिशेबनीस वही घेऊन आली. पॅरिसच्या एका रात्रीच्या पैशांत क्राकूवमध्ये दोन रात्री निघतात आणि वर जेवण होतं, हे तिने मांडून दाखवलं. अकरा शहरं केली तर पंधरातले सहा दिवस नुसते बॅगा ओढण्यात जाणार, हेही दाखवलं. तासाभरात यादीवर चार नावं उरली: प्राग, क्राकूव, बुडापेस्ट, व्हिएन्ना. चारही रेल्वे-बसने एकमेकांना जोडलेली, आणि व्हिएन्ना सोडलं तर पश्चिमेकडच्या शहरांपेक्षा बरीच स्वस्त. विमान प्रागला उतरायचं आणि व्हिएन्नाहून परतायचं, म्हणजे मागे फिरण्याचा खर्च वाचला. फ्लॉरेन्स गेलं. मला वाईट वाटलं, अजून वाटतं. पण आज कुणी विचारलं तर मी हेच सांगेन की पैसे थोडे असतील तर शहरं कमी करा, दिवस कमी करू नका.

व्हिसाचं काम आम्ही स्वतः केलं. एका एजंटने नुसते फॉर्म भरायचे माणशी बारा हजार सांगितले होते. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, नियम साधा आहे: ज्या देशात सगळ्यात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. आमच्या पाच रात्री प्रागच्या, म्हणून चेक प्रजासत्ताकाकडे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. आम्हाला मे महिन्यात जायचं होतं, फेब्रुवारीतच अपॉइंटमेंट घेतली, कारण उन्हाळ्याच्या सुट्टीत तारखाच मिळत नाहीत. फी ९० युरो, वर व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क. किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो. हॉस्टेलची बुकिंग आम्ही पैसे न भरता रद्द करता येतील अशीच घेतली.

काळजी होती ती बारकीची. आम्हा तिघींकडे पगाराच्या स्लिपा आणि रजेचं पत्र. तिच्याकडे काय? तिने तीन वर्षांचे आयटीआर जोडले, उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र जोडलं, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, घरफाळ्याची पावती, आणि एक पानभर पत्र लिहिलं: माझ्याकडे चार बायका कामाला आहेत, रोज दीडशे डबे जातात, मी पंधरा दिवसांनी परत येणार कारण माझ्याशिवाय हे चालत नाही. कुठलीही सजावट नाही. ते पत्र मी वाचलं तेव्हा मला तिचा फार अभिमान वाटला. खात्यात ऐन वेळी मोठी रक्कम भरायची नाही, हेही तिने पाळलं. असली भरती लगेच डोळ्यांत येते. महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला गेलो, बोटांचे ठसे दिले, संध्याकाळी परत. तीन आठवड्यांनी चौघींचे पासपोर्ट आले. बारकीने पाकीट अंबाबाईच्या देवळात नेऊन मगच फोडलं.

खाण्याचं सामान तिच्याच जिम्म्यावर होतं. भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, मूगडाळ-तांदळाची कोरडी खिचडी पुड्या बांधून, आणि कांदा-लसूण मसाला तीन पिशव्यांत गुंडाळून. तूप, पेढे, खव्याचं काही नाही. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आत नेता येत नाहीत. पुष्कळांना हे माहीत नसतं आणि विमानतळावर डबे टाकून द्यावे लागतात.

हॉस्टेलांत चार खाटांची डॉर्मिटरी मिळते. चौघी असल्या की अख्खी खोली आपलीच होते. कुलूप मात्र आपलं न्यायचं, लॉकरला कडी असते, कुलूप नसतं. स्वयंपाकघर आहे ना, हे बुकिंग करतानाच बघायचं. पैशांसाठी एक कॉमन पाकीट. राहणं, जेवण, ट्राम-बस त्यातून. म्युझियम, कॉफी, खरेदी टीटीएमएम. त्यामुळे "मी त्या दिवशी दिले होते" हा विषय पंधरा दिवसांत एकदाही निघाला नाही. पाकीट मात्र चार देशांत चार तऱ्हेचं झालं: चेक कोरुना, पोलिश झ्लॉटी, हंगेरियन फोरिंट, आणि शेवटी युरो.

प्रागला पहिल्याच दिवशी ठेच लागली. चौकातल्या एका खासगी एटीएमने विचारलं, रक्कम तुमच्या कार्डाच्या चलनात वळती करून हवी का? दमलेल्या डोळ्यांनी हिशेबनीसने हो दाबलं. मिळालेल्या भावाने जवळजवळ बारा टक्के गेले. ती रात्री जेवली नाही. तेव्हापासूनचा नियम: एटीएम असो की दुकानातलं मशीन, रक्कम नेहमी तिथल्याच चलनात. एका शहरात तिकीट काढूनही ते ट्राममधल्या छोट्या मशीनमध्ये घालून त्यावर वेळेचा शिक्का मारायचा राहिला आणि साध्या कपड्यांतल्या तपासनिसाने तिकिटाच्या कित्येक पट दंड घेतला. चूक आमची होती. त्या भागात कागदी तिकीट शिक्क्याशिवाय म्हणजे विनातिकीट.

आता प्रागचं खरं सांगायचं ते. चार्ल्स पुलावर आम्ही पहिल्यांदा दुपारी गेलो आणि गर्दीत काही दिसेना. दुसऱ्या दिवशी साडेचारला उठलो. पाचच्या सुमाराला पुलावर आम्ही चौघी, दोन फोटोग्राफर आणि एक झाडूवाला. व्ल्टावा नदीवर धूर असल्यासारखं धुकं, आणि दोन्ही कठड्यांवर तीस पुतळे काळे उभे. आधीचा पूल १३४२ च्या पुरात गेला, मग सम्राट चौथ्या चार्ल्सने १३५७ साली हा सुरू केला. सांगतात की पायाचा दगड बसवायची वेळ ज्योतिषांनी काढून दिली: १३५७, नववा दिवस, सातवा महिना, पाच वाजून एकतीस मिनिटं. आकडे ओळीने लिहा: १३५७९७५३१. उलटं वाचलं तरी तेच. डॉक्टरने ते तिच्या तळहातावर पेनाने लिहून बघितलं आणि मग पाच-एकतीस होईपर्यंत आम्ही कुणीच हललो नाही. कठड्याचा वाळूचा दगड गार आणि खरबरीत होता, हात काढला की बोटांना बारीक रेती लागायची. मुहूर्त बघून काम सुरू करणारी माणसं मला एकदम ओळखीची वाटली.

याला एक पैसा लागला नाही. किल्ल्याच्या आवारात हिंडायलाही तिकीट नाही, आत इमारती बघायला लागतं. आम्ही ते काढलं, सेंट व्हिटस कॅथेड्रलसाठी. १३४४ ला सुरू झालेलं बांधकाम १९२९ ला पुरं झालं, म्हणजे जुन्या काचा आणि विसाव्या शतकातल्या काचा एकाच भिंतीत. १४१० चं खगोलीय घड्याळ दर तासाला वाजतं, सांगाडा घंटा ओढतो, वर येशूचे बारा शिष्य फिरतात, कोंबडा आरवतो आणि मिनिटाच्या आत सगळं संपतं. आम्ही पाच दिवसांत सात वेळा बघितलं, रस्त्यातच होतं ते.

प्राग ते क्राकूव रात्रीच्या गाडीने. एका रात्रीचं भाडं वाचलं. डब्यात सहा बर्थ, आपल्यासारखेच तीन-तीन, चादर-उशी मिळते.

क्राकूव माझ्या हट्टाने यादीत आलं होतं. माझी आजी कोल्हापूरनजीकच्या वळिवड्याजवळच्या गावची. लहानपणी ती "पोलंडच्या बायका" म्हणायची तेव्हा मला ती गोष्टच वाटायची. खरं काय ते नंतर वाचलं. १९४० पासून सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधून लाखो माणसं सैबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकली. पुढे सुटका झाल्यावर त्यातल्या काहींना इराणमार्गे हिंदुस्थानात आणलं. १९४३ पासून १९४८ पर्यंत पंचगंगेच्या काठी वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले, बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. ते गेल्यावर त्याच जागी फाळणीत आलेली सिंधी कुटुंबं वसली. आज आपण कपडे घ्यायला जातो ते गांधीनगर म्हणजे तीच जागा. आजीच्या गोष्टीत एक पोलिश बाई तिच्या आईकडून अंडी घ्यायची आणि मोजताना मराठीत मोजायची, "येक, दोन, तीन".

हॉस्टेलच्या रिसेप्शनवर पंचविशीतली मुलगी होती. तिने विचारलं, भारतातून कुठून? मी कोल्हापूर म्हटलं आणि वळिवड्याचं सांगितलं. तिला माहीत नव्हतं. तिने फोनवर शोधलं आणि उभ्या उभ्या वाचायला लागली, पोलिशमध्ये, ओठ हलवत. मागे दोघं चेक-इनला थांबले होते. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "माझ्या आजीच्या बहिणीलाही सैबेरियात नेलं होतं. ती परत आली नाही." मग तिने काउंटरमागच्या जगाच्या नकाशावर कोल्हापूर कुठे ते मला दाखवायला लावलं आणि तिथे टाचणी लावली. मी आजीचं अंड्यांचं सांगितलं. मोजून दाखव म्हणाली. दाखवलं.

तिनेच आम्हाला दूधवाल्या खानावळीचा पत्ता दिला. बार म्लेच्नी म्हणतात, शब्दशः दूध-बार. कम्युनिस्ट राजवटीत या सरकारी मदतीवर गावोगाव पसरल्या, कामगारांना दूध, पीठ, बटाटा, अंडं यांचं स्वस्त जेवण मिळावं म्हणून. काही अजून चालतात. फळ्यावर फक्त पोलिश, काउंटरवर पैसे द्यायचे, चिठ्ठी आतल्या खिडकीत, ताट आपणच उचलायचं आणि खरकटं आपणच दुसऱ्या खिडकीत ठेवायचं. शाकाहारी माणसाला युरोपात इतकी सोय मी दुसरीकडे बघितली नाही. पिएरोगी म्हणजे उकडलेली करंजीच, आत बटाटा आणि पनीरसारखं चीज, वर परतलेला कांदा. शेजारी सुरुव्का, म्हणजे किसलेल्या गाजर-कोबीची कोशिंबीर. बारकीने पिएरोगीची कड काट्याने उचलून उजेडात धरली. "मुरड नाही गं, दाबलीय. पण पाणी एक थेंब आत गेलं नाही." मग ती खिडकीतून आत बघत राहिली. आत डोक्याला फडकं बांधलेली साठीतली बाई एका हाताने पारी धरून दुसऱ्या हाताने सारण भरत होती, न बघता. दोघींची नजरानजर झाली. बारकीने बोटं जुळवून मुरड घालायची खूण केली. त्या बाईने हसून एक पारी उचलून तिच्याकडे धरली, पण मध्ये काच होती. आम्ही तिथे तीन दिवसांत पाच वेळा जेवलो.

क्राकूवचा मोठा चौक १२५७ पासूनचा, प्रत्येक बाजू जवळपास दोनशे मीटर. रस्त्याकडेला निळ्या गाड्यांवर ओबव्हाझानेक मिळतं, आधी उकळत्या पाण्यातून काढून मग भाजलेलं पावाचं कडं, वर खसखस. सकाळची न्याहारी तीच. सेंट मेरी चर्चच्या मनोऱ्यावरून दर तासाला, रात्रीसुद्धा, तुतारी वाजते. चारही दिशांना एकेकदा, आणि प्रत्येक वेळी सूर मध्येच तुटतो. तेराव्या शतकात मंगोल स्वारी आली तेव्हा इशारा देणाऱ्याच्या गळ्यात बाण लागला, म्हणून तिथेच थांबायचं, अशी आख्यायिका. वाजवणारे अग्निशमन दलाचे जवान असतात. वाजवून झालं की वरून हात करतात.

ऑश्विट्झला, नाझींच्या मृत्यूछावणीत, एक दिवस गेलो. प्रवेशाला पैसे नाहीत पण वेळ आधी नोंदवावी लागते, आणि जागा लवकर भरतात. तिथे सुमारे अकरा लाख माणसं मारली, त्यातले दहा लाखांच्या आसपास ज्यू. एका दालनात काचेमागे बॅगांचा ढीग आहे. पुष्कळ बॅगांवर पांढऱ्या रंगात मालकाचं नाव, गाव, जन्मतारीख, परत मिळावी म्हणून मोठ्या अक्षरांत लिहिलेली. येताना बसमध्ये कुणी बोललं नाही.

बुडापेस्टला बसने सात तास. स्लोव्हाकिया मध्ये येऊन गेला, पासपोर्ट कुणी मागितला नाही. बुडा, ओबुडा आणि पेश्त ही तीन गावं १८७३ ला एक झाली. तिथली पहिली मेट्रो १८९६ ची, पायऱ्या उतरलं की लगेच फलाट, टाइल्स लावलेली बुटकी स्टेशनं, पिवळे डबे. संसद आणि सेंट स्टीफन बॅसिलिका दोन्ही ९६ मीटर उंच, कारण मग्यार, म्हणजे हंगेरियन लोक ८९६ साली इथे आले असं मानतात. साखळी पूल १८४९ चा. माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने १९४५ मध्ये उडवला, १९४९ ला, बरोबर शंभर वर्षांनी, पुन्हा खुला झाला. रात्री त्यावर दिवे लागले की डॅन्यूबच्या काठावर बसायचं, एवढाच आमचा चार संध्याकाळचा कार्यक्रम. संसदेजवळ काठाला लोखंडी बुटांच्या साठ जोड्या आहेत. १९४४-४५ च्या हिवाळ्यात ज्यूंना बूट काढायला लावून नदीकाठी गोळ्या घातल्या, त्यांची ती आठवण. एका लहान बुटात कुणीतरी ताजी चॉकलेट ठेवली होती.

मोठ्या मंडईत आम्हाला घरच सापडलं. माळा करून टांगलेल्या लाल मिरच्या. मिरची मुळात अमेरिकेची. आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणली, हंगेरीत तुर्कांच्या काळात पोचली. दोन्ही टोकांना तिचाच रस्सा झाला. बारकीने तिथली तिखट पाप्रिका जिभेवर ठेवली. "रंग झकास. ठसका नाही." संध्याकाळी हॉस्टेलच्या चुलीवर बटाट्याच्या रश्शात तिने अर्धी पाप्रिका आणि अर्धा आपला कांदा-लसूण मसाला घातला. ब्राझीलच्या दोन मुली वास घेत आल्या आणि बसल्या.

व्हिएन्नाला शनिवारी रात्री पोचलो आणि रविवारी कळलं की दुकानं बंद. स्टेशनातली सोडली तर सगळी. शनिवारीही संध्याकाळीच मिटतात. तेव्हा खिचडीच्या शेवटच्या दोन पुड्या कामी आल्या. त्या दिवशी काहलेनबर्गच्या टेकडीवर गेलो, साधी शहर बस वर नेते. १६८३ च्या सप्टेंबरात तुर्कांचा वेढा पडलेल्या व्हिएन्नाच्या मदतीला पोलंडचा राजा यान सोबिएस्की याच डोंगरातून उतरला. त्याची कबर आम्ही क्राकूवच्या वावेल टेकडीवरच्या कॅथेड्रलमध्ये बघून आलो होतो. त्याच वर्षी इकडे संभाजी महाराज गोव्यात पोर्तुगीजांवर चालून गेले होते. शाळेत मी ही दोन पानं वेगवेगळ्या वर्गांना शिकवते. टेकडीवर ती पहिल्यांदा शेजारी आली.

शेवटच्या संध्याकाळी ऑपेरा. व्हिएन्नाच्या सरकारी ऑपेरात बसायची चांगली तिकिटं आमच्या आवाक्याबाहेर, पण उभ्याची तिकिटं वेगळी निघतात, बरीच स्वस्त, आणि आमची जागा हॉलच्या मागे, मधोमध, रंगमंचाच्या बरोबर समोर. आम्ही रांगेत लवकर उभ्या राहिलो. आत लाल मखमल लावलेल्या कठड्याला रुमाल किंवा स्कार्फ बांधून जागा धरायची जुनी रीत आहे. कुणी तो सोडत नाही. आमच्या चार ओढण्या ओळीने बांधल्या. शेजारचे आजोबा, कोट, टाय, म्हणाले की ते बारा वर्षांचे असल्यापासून उभे राहूनच बघतात.

कठड्यावर लहान पडदा असतो, त्यावर शब्दांचा अर्थ येतो. इटालियन ऑपेरा होता. दिवे गेले, वादकांनी सूर जुळवले, आणि पहिली बाई माइकशिवाय गायला लागली तेव्हा डॉक्टरने माझा हात धरला.

मध्यंतरात आजोबांनी सांगितलं: १८६९ ची ही इमारत, मार्च १९४५ मध्ये बॉम्ब पडले, रंगमंच आणि प्रेक्षागृह जळालं, पुढचा भाग आणि मोठा जिना तेवढा वाचला. १९५५ च्या नोव्हेंबरात पडदा पुन्हा वर गेला.

आम्ही चौघी गप्प झालो. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळत होतं तेव्हा आम्ही चौघीही खासबागेच्या बाजूला रस्त्यावर उभ्या होतो. शाहू महाराजांनी १९१५ ला बांधलेलं पॅलेस थिएटर. मी तिथे सातवीत पहिल्यांदा नाटकात काम केलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. अर्धं कोल्हापूर रडत होतं.

मी फोनमधला फोटो आजोबांना दाखवला, छप्पर नसलेला. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितला, मोठा करून बघितला, आणि विचारलं, "भिंती उभ्या आहेत ना?"

"आहेत," मी म्हटलं. "काम सुरू आहे."

घंटा झाली. ते आपल्या जागी गेले, आम्ही आमच्या ओढण्यांपाशी. बारकी कुजबुजली, "आपल्याकडे उघडलं की पहिल्या प्रयोगाला जायचं. चौघींनी. रजा आत्ताच टाकून ठेवा."

दिवे गेले.